अंबडहून आवाज स्पष्ट येतोय

आई,

उद्या सकाळी जालन्यात मोबाइल विक्रेत्यांची बैठक आहे आणि मला तिथे दहा मिनिटं बोलायचं आहे. नवा फोन आला आहे, समोरून सगळा काचेचा, बोटाने चालणारा. त्याच्यासाठी नवं, वेगवान नेटवर्क येणार म्हणतात. औरंगाबादपर्यंत आलंय, आपल्याकडे दिवाळीपर्यंत पोचेल असा अंदाज आहे. हा फोन आपल्या जिल्ह्यात चालेल की नाही, ते मी सांगायचं. या धंद्यात बरीच वर्षं काढलेली, बी.एस्सी. झालेली बाई म्हणून मला बोलावलं आहे. दुपारपासून टिपणं काढत होते. बॅटरी किती टिकते, मराठी अक्षरं दिसतात का, उन्हात काचेवरचं दिसतं का, असे मुद्दे लिहून झाले. मग ते कागद बाजूला सारून मी माझी रोजची वही ओढली. ‘चालेल का’ हा प्रश्न मला याआधीही एकदा विचारला गेला होता, आणि त्याचं उत्तर मी तुझ्या तोंडून देववलं होतं.

जालना जिल्हा झाला त्या वर्षी मी आठवीत होते. सुट्टीच्या दिवशी तुझा डबा घेऊन मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये येते. आत यायची परवानगी नाही, पण तुमच्या मोठ्या बाई बघून न बघितल्यासारखं करतात. तुझ्यासमोर लाकडी बोर्ड, त्यावर नंबरांची भोकं; गावात कुणी फोन उचलला की त्याच्या नंबरावरची पत्र्याची झडप खट्कन खाली पडते. तू दोरीची पिन त्यात खुपसतेस आणि घरी कधी न ऐकलेल्या आवाजात म्हणतेस, “नंबर प्लीज.” मी दाराशी स्टुलावर बसून ऐकत राहते. वकीलसाहेबांचा फोन कुणी मागितला तर तू घड्याळ बघून सांगतेस की ते आत्ता कोर्टात असतील, तिकडेच जोडून देते. आणि लाइनमध्ये खरखर असली तर तू कॉल जोडतच नाहीस. आधी स्वतः दोन्ही टोकं ऐकतेस. एकदा मोंढ्यातल्या एकशे सत्तावीस नंबरचे अडतवाले शेट तुझ्यावर चिडले होते. “अर्जंट हाय बाई, जल्दी जोडा,” असं त्यांचं ओरडणं तुझ्या कानावरच्या यंत्रातून मला दाराशी ऐकू आलं. तू शांतपणे म्हणालीस, “अर्जंट आहे म्हणूनच म्हणते शेटजी. लाइन खराब आहे. अर्धं ऐकू आलं तर घोटाळा होईल. मी थोड्या वेळानं स्वतः जोडून देते.” आणि दिलास. पलीकडून ते काय म्हणाले माहीत नाही, पण तू हसलीस आणि मग डबा उघडलास.

त्याच मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, आजोबांनी जन्मभर पोती वाहिली. आपल्या वस्तीतून सरकारी खुर्चीवर बसलेली तू पहिली बाई. जुन्या जालन्यातल्या कापडाच्या दुकानात आपण दोघी जायचो तेव्हा सुरुवातीला आपल्याकडे कुणी बघायचं नाही. तू एक वाक्य बोललीस की गल्ल्यावरचा माणूस मान वर करायचा. “अरे, ह्या तर एक्स्चेंजच्या बाई,” म्हणत गादी झटकून “बसा, बाई, बसा” म्हणायचा. तुझा चेहरा कुणालाच माहीत नव्हता, आवाज सगळ्या गावाला पाठ होता. मला त्याचा फार अभिमान वाटायचा. हे पुढच्या गोष्टीसाठी लिहून ठेवते.

आपोआप नंबर लागणारं एक्स्चेंज आलं, तुमचा बोर्ड काढून नेला. काही वर्षं तू चौकशीच्या टेबलावर काढलीस, मग बाबा गेल्यावर नोकरी लवकर सोडून अंबडला मामाच्या शेजारी राहायला गेलीस. मी जालन्यातच होते. नव्या बिनतारी कंपनीचं दुकान निघालं आणि मला तिथे गिऱ्हाइकांना फोन समजावून सांगायचं काम मिळालं. तारेशिवाय चालणारे फोन तोवर गावात थोडेबहुत आले होते, पण आमचा वेगळा होता. रंगीत पडदा, सोबत लिहायला छोटी काडी, त्यात पत्ते, पत्रं, फोटो सगळं मावायचं. याला स्मार्टफोन म्हणायचं, असं आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं. येणारा प्रत्येक जण तो हातात घेऊन उलटसुलट करायचा आणि विचारायचा, “मॅडम, चालंल का हो हे? का आपलं नवं नवं म्हणून?” मी म्हणायचे, चालेल. मला खरंच तसं वाटत होतं.

दुकानाच्या मालकांनी हॉलमध्ये मोठा कार्यक्रम ठरवला. मोंढ्यातले व्यापारी, वकील, डॉक्टर, सगळ्यांना बोलावणी गेली. तिथून सगळ्यांसमोर अंबडला फोन लावून दाखवायचा होता. अंबडचा टॉवर उभा होता, पण पुरता चालू झाला नव्हता. इंजिनिअर म्हणाले, आठ दिवस द्या. पत्रिका वाटून झाल्या होत्या. मी रविवारी एक फोन घेऊन तुझ्याकडे आले. तू चुलीपाशी भाकरी थापत होतीस. गॅस होता तरी भाकरी तू चुलीवरच करायचीस. पिठाचा हात पुसून तू फोन घेतलास, पडदा डोळ्यांजवळ धरलास.

“यंत्र चांगलं हाय,” तू म्हणालीस. “पण लाइन खराब असल्यावर तसं सांगणारं कोण हाय याच्यात?”

“आता सांगावं लागत नाही आई. थेट लागतो.”

“आमाला सांगावं लागायचं.”

मग मी तुला काय करायचं ते समजावलं. सकाळी अकराच्या सुमारास फोन वाजेल. उचलून म्हणायचं, हॅलो, अंबडहून बोलतेय. मग मनात दहापर्यंत मोजायचं. आणि म्हणायचं, आवाज स्पष्ट येतोय, समोर बसून बोलल्यासारखा. त्यानंतर ठेवून द्यायचा.

“मोजायचं काहून? तू बोलशील तवा ऐकून बोलंन मी.”

“कदाचित तुटक येईल आवाज. म्हणून.”

“आन् आलाच न्हाई तर?”

“येईल गं.”

तू भाकरी उलटलीस. मग म्हणालीस, “तुझ्या नोकरीचं हाय का हे?” मी हो म्हटलं. तू म्हणालीस, “मंग ठीक हाय.” एवढंच. मी जेवून उठेपर्यंत तू ते वाक्य एकदा पुटपुटून बघितलंस, तुझ्या जुन्या, शुद्ध, बोर्डासमोरच्या भाषेत.

हॉल भरला होता. मी नंबर लावला, फोन माइकपाशी धरला, आणि तुझा आवाज आला, “हॅलो, अंबडहून बोलतेय.” इतका स्वच्छ की माझ्याच अंगावर काटा आला. हॉलमध्ये कुजबुज झाली. पुढच्या रांगेत ते एकशे सत्तावीस नंबरचे शेट बसले होते, आता चांगले म्हातारे झालेले. ते उठलेच. “अरे, ह्या तर एक्स्चेंजच्या बाई!” मी काही म्हणायच्या आत त्यांनी फोन हातात घेतला. “बाई, नमस्कार. ओळखलं का? मी मोंढ्यातला, एकशे सत्तावीस.”

पलीकडे शांतता. तू मोजत होतीस. मग तू म्हणालीस, “आवाज स्पष्ट येतोय, समोर बसून बोलल्यासारखा.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेट मात्र फोन कानाशी धरून उभेच. “ते बराबर हाय बाई, पण ओळखलं का न्हाई?” मी त्यांच्या हातातून फोन घेतला आणि माइकवर म्हटलं, “शेटजी, एकशे सत्तावीस म्हटल्यावर बाई विसरतील का? अजून तुमच्यावर रागावल्या असतील.” हॉल हसला, शेटही हसले. शेजाऱ्याला म्हणाले, “ह्या बाईनं कधी खराब लाइन चांगली म्हणून दिली न्हाई. ही चालणार चीज हाय.” त्या दिवशी हॉलमध्ये ज्यांनी नावं नोंदवली त्यांतल्या कितीतरी जणांनी मला तेच सांगितलं, की बाई म्हणतात म्हणजे प्रश्नच नाही. तुला एक शब्दही ऐकू आला नव्हता. इकडून तिकडे आवाज जातच नव्हता, फक्त तिकडून इकडे येत होता. हे मला तिथेच, तू ओळख न देता ते वाक्य म्हणालीस त्या क्षणी कळलं होतं.

अंबडकडे तसंच चालू राहिलं, आठ दिवस नाही, कितीतरी महिने. शेटनी एक फोन अंबडच्या त्यांच्या विधवा बहिणीला दिला होता. एका दुपारी मी तुझ्याकडे आले असताना ते तिच्याकडून परतताना काठी टेकत तुझ्या दारात आले. मी आत चहा टाकत होते, मधे फक्त पडदा. त्यांनी सांगितलं, “रोज फोन लावतो बाई. ती तिकडून म्हणती, दादा, बोला ना. मी इकडून ओरडून राह्यलो. तिला वाटतं मी रुसलो. आमच्यात या वयात भांडण लागलं.” तू हसलीस. मग त्यांचा आवाज खाली आला. “एक विचारू का? त्या दिवशी माझा आवाज तुमाला आल्ता ना? आला असंल तर मंग आमच्याच सेटात काही खराबी हाय.”

चहा वर येत होता. मी गॅस बंद केला, म्हणजे मला नीट ऐकू यावं. बाहेर यायचं नव्हतं.

तू म्हणालीस, “आल्ता.”

शेट म्हणाले, “मंग आमचाच सेट.” चहा न घेताच गेले. पुढच्या आठवड्यात ते बहिणीचा फोन घेऊन आमच्या दुकानात आले आणि मी गंभीर चेहऱ्याने त्यातली बॅटरी बदलून दिली. ते तीनदा आले. तिन्ही वेळा मी काही ना काही बदललं.

त्या दुपारी ते गेल्यावर तू ओट्याशी आलीस. मी तुझ्याकडे बघितलं नाही. तू कप विसळत म्हणालीस, “इतकी वर्षं मी लाइन खराब हाय म्हणून सांगत आले. लोक चिडायचे. पण कुणी इस्वास काढून घेतला न्हाई.” तू मला रागावली नाहीस. रागावली असतीस तर मी मालकांचं नाव पुढे केलं असतं, तेवढी तयारी माझी होती.

आमचा फोन चालला नाही. टॉवर नीट सुरू झाला तोवर लोकांनी सेट परत आणून टाकले होते, आणि दीड वर्षात दुकानाला कुलूप लागलं. मला दुसरीकडे काम मिळालं. दुसऱ्या कंपन्यांचे फोन आले, ते चालले. आज बहुतेक घरांत फोन आहे. पण तुझ्या शेवटच्या वर्षी तू जालन्याला आलीस, आपण मामेबहिणीच्या लग्नाचं कापड घ्यायला जुन्या जालन्यात गेलो, ते मला विसरता येत नाही. दुकान तेच होतं. तू गल्ल्यासमोर उभी राहिलीस आणि हिरव्या साडीकडे बोट केलंस. दुकानदाराने काहीतरी विचारलं. तू माझ्याकडे बघितलंस, मी उत्तर दिलं. भाव विचारायचा होता तर माझा दंड दाबलास. बाहेर पडेपर्यंत तू तोंडातून एक शब्द काढला नाहीस, आणि आपल्याला कुणी बसा म्हटलं नाही. रिक्षात मी विचारलं, घसा दुखतोय का? तू म्हणालीस, न्हाई.

इथपर्यंतचं सगळं मी या वहीत आधीही दोन-तीनदा लिहिलं आहे, आणि दर वेळी असं लिहिलं आहे की कार्यक्रम पुढे ढकलता येत नव्हता, मालकांपुढे माझं काही चालत नव्हतं. कार्यक्रम ढकलता येत नव्हता हे खरं. पण आदल्या संध्याकाळी मालक मला म्हणाले होते, “अंबडचं राहू द्या मॅडम. टॉवरचा भरवसा नाही. इथल्या इथं स्टेशनवर कुणाला तरी उभं करून त्याला लावू.” नको म्हणाले ती मी. मला त्या हॉलमध्ये तुझा आवाज ऐकवायचा होता. ज्यांच्या दुकानांत आजोबांनी पोती उतरवली त्या सगळ्यांनी माना वळवून, ही त्या बाईंची मुलगी का, असं विचारावं, हे मला हवं होतं. आणि त्यांनी विचारलंही. त्या दुपारी मी इतकी खूश होते की तू काय ऐकलंस हे विचारायला तुला परत फोन केला नाही.

उद्या चालेल का म्हणून विचारतील तेव्हा ‘मी गावोगाव फिरून बघितलेलं नाही, म्हणून मला माहीत नाही,’ एवढंच म्हणायचं ठरवते आहे. हे पान वहीतच राहील. तू आता जिथे आहेस तिथे ते पोचलं आणि तू नुसतं ‘ठीक हाय’ म्हणालीस, तर ते मला सोसायचं नाही. आणि खरं सांगायचं तर ते ‘माहीत नाही’ टिपणांत अजून उतरवलेलं नाही. उद्या नेसायची साडी मात्र सकाळीच इस्त्री करून आणली आहे.