भगवानरावाची मिशी

खामगाव, २ मार्च १९२६
कापसाची प्रतवारी शिकायला आमचे जिनिंगवाले साहेब मला लिव्हरपूलला पाठवणार! बायकोचा थोरला भाऊ भगवानराव चारचौघांत म्हणाला, "जावईबापू जलंबच्या पुढं गेले तं मी मिशी काढून टाकीन." जलंब म्हणजे मुंबईची मेल पकडायचं जंक्शन, इथून जेमतेम आठ मैल. सगळे हसले. बायको वच्छलाही हसली. तिचं नंतर बघू. आधी मिशी.

५ मार्च
आजपासून सगळं साहेबी. भाकर काट्या-सुरीनं खाल्ली. ठेचा डोळ्यात उडाला. याचाही सूड भगवानरावावरच.

९ मार्च
हेडक्लार्क सांगत होते, विलायतेत तिसऱ्यानं ओळख करून दिल्याशिवाय कुणी कुणाशी बोलत नाही. काय सुंदर रिवाज! भगवानरावाला आजपासून लागू. तो आला, तब्येत विचारली. मी भिंतीकडे पाहिलं. तो पोटभर जेवून गेला. आतून नक्की जळत असणार.

१४ मार्च
भगवानरावाकडे निरोपाचं जेवण. गेलो, पण तोंडातून शब्द काढला नाही. तो पुरणपोळ्या वाढत राहिला, मी खात राहिलो. यात हावरटपणा नाही, शत्रूचं नुकसान आहे. पोट बिघडलं.

२० मार्च, सकाळ
निघालो. भगवानराव जलंबपर्यंत पोचवायला येतोय. त्यानं पिशवीत वस्तरा घेतलाय. शब्दाला पक्का आहे, मेला. मुंबई मेलच्या खिडकीतून त्याची सफाचट मिशी बघेन आणि ओळखही दाखवणार नाही.

दुपार, जलंब स्टेशन
मेल लेट. बाकावर बसून शिदोरी सोडली. एका हातात काटा, दुसऱ्यात पेपर. भगवानरावाची कानाशी भुणभुण. म्हणे, मेल पल्याडच्या फलाटावर लागते. मग त्यानं माझा दंडच धरला. ओळख करून देणारा तिसरा कुणी नव्हता. मी पेपरचं पान उलटलं.

संध्याकाळ, परतीच्या गाडीत
मेल पल्याडच्या फलाटावरून गेली. बोट उद्या सकाळीच सुटते. साहेब आता दुसऱ्याला पाठवतील. डोळ्यांत पाणी आलं. इंजिनचा धूर फार आहे.

भगवानराव शेजारीच बसलाय. मग समोरच्या बाकावरच्या देऊळघाटच्या अब्दुल गनी नावाच्या व्यापाऱ्याच्या कानात काहीतरी बोलला. गनीमियांनी घसा साफ केला आणि माझ्याकडे वळले.

"हे भगवानराव, तुमचे साळे. आन भगवानराव, हे इंद्रभानजी, विलायतेहून वापस येऊन राह्यले."

भगवानरावानं मिशीवरून हात फिरवला आणि माझ्यापुढे धरला. मी शेकहँड केला. विलायतेत तसंच करतात.