बाबांशिवायचं क्वार्टर

मंगळवार, संध्याकाळ. बेसा.

आज मंजूला रडवलं. मुद्दाम. माझ्या या धाकट्या बहिणीनं महिनाभर खपून ठोकळ्यांच्या गेममध्ये आमचं खापरखेड्याचं क्वार्टर बांधलं होतं, ओट्यावर बसलेल्या बाबांसकट. बाबांना जाऊन वर्ष झालं.

"दादा, याचं खऱ्यासारखं चित्र करून दे नं."

केलं. भिंतींची ओल, छतावर पॉवर प्लांटची राख, सगळं हुबेहूब. फक्त बाबांना काढून टाकलं.

"बाबा कुठं गेले गा?"

"खऱ्यासारखं पाहिजे होतं नं तुले? खऱ्यात ते नाहीत."

का बोललो असं? शेवटी त्यांच्याजवळ ती होती, मी नव्हतो, म्हणून? राख मात्र किती निगुतीनं पसरली होती मी.

डोळे पुसून तिनं गेम उघडला आणि ते घर कायमचं पुसून टाकलं. मी बघत राहिलो. बरं वाटलं मला.