गच्चीवरचं तांब्याचं कडं

ती. दादास,

इथूनच वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, अर्धाच पोचेल). वहिनीचा गुडघा आणि तुझी साखर दोन्ही ताब्यात असतील असं धरून चालते, कारण पुढचं वाचून साखर वाढावी अशीच माझी इच्छा आहे.

दिवाळीत तू तुझ्या मेहुण्याला शॉर्टवेव्ह रेडिओ दिलास, वर ती प्रीअँप्लिफायरची डबी. आमची मुग्धा शिकायला बंगलोरला गेली तेव्हा मला भाबडेपणाने वाटलं होतं, की आता संध्याकाळी आम्ही दोघं गच्चीवर चहा घेऊन बसू, बोलू. गच्चीवर आता लकडगंजातून आणलेल्या सागवानी खांबावर (आमच्या देवघराला साधं लाकूड चाललं) तांब्याच्या नळीचं भलंमोठं कडं उभं आहे. त्याला लूप अँटेना म्हणतात. त्याच्या पायाशी उन्मेष कानांना हेडफोन लावून बसतो. माझ्या कुरड्या जिन्यात वाळतात.

तुझी डबी म्हणे क्षीणातला क्षीण आवाज मोठा करते. करते खरी! तिने गल्लीतल्या झाडून सगळ्या कूलरांची घरघर मोठी करून दिली. मग या विद्वानाने काय करावं? मे महिन्यात, नागपुरात, घरोघरी जाऊन "जरा वेळ कूलर बंद ठेवता का?" असं विचारावं! समोरच्या यमुताई तडक पन्हं घेऊन आल्या.

"काहून वं लतिका, तुह्या नवऱ्याले ऊन लागलं का?"

"ऊन नाही हो, इंटरफेरन्स आहे," उन्मेष म्हणाला.

"हो, हो. माह्या दिरालेही तसंच झालं होतं. खिशात कांदा ठेवा."

तेव्हा येत्या रविवारी काटोलहून गाडी घेऊन ये, आणि तुझा रेडिओ, तुझी डबी आणि त्यांच्यापायी उभं राहिलेलं ते कडं उचलून ने. मेहुणा तेवढा ठेव. मला तो लागतो.

तुझी,
लतिका

ता. क. पत्र टाकायचं राहून गेलं, आणि काल संध्याकाळी त्याने कडं हळूहळू फिरवलं आणि कूलरांची घरघर एकदम विरली. फार लांबून कुणीतरी बाई बोलत होती. शब्द एकही कळला नाही. ती काय म्हणत असेल, यावर आम्ही चहा गार होईपर्यंत भांडलो. (उन्मेष म्हणतो, हवामान. मला विचारशील तर ती भावाची तक्रार करत होती.)

आणखी एक. रविवारी येच, पण गाडी नको. दुसरा हेडफोन आण. एकाच हेडफोनला दोन डोकी भिडवून बसलं की उकडतं. आणि यमुताईंनी आज माझ्यासाठीही कांदा पाठवला आहे.