सरक ना बा

आमलीचा तांडा, दिग्रस
२३ मे

चि. ममताले तुह्या याडीचा राम राम अन् पोटभर आशीर्वाद.

इकडे आम्ही सारे बरे आहो. तू बी बरी असशील, अन् नसशील तरी फोनवर सांगणार नाईस, हे मले माहीत हाये. लखन उद्या नागपूरले येऊन राह्यला, त्याच्याजवळ लोणच्याची बरणी दिली. उभी धर म्हणून सांगतलं हाये, पण तुह्या भावाचं डोकं तुले ठाऊक. तेल सांडलं असलं त पयले त्याले धपाटा दे, मंग चिठ्ठी वाच.

चिठ्ठी काहून लिहिली म्हणशील. फोनवर तू बाचं नाव काढत नाईस, मी बी काढत नाई, अन् आपण दोघी मायलेकी घंटाभर कैऱ्यांवर बोलत बसतो. किती दिवस कैऱ्या पुरतीन?

तुह्या बँडमधल्या पोरी कशा हायेत? ढोल वाजवते त्या खुशीले म्हणा, जेवत जाय. एवढीशी पोट्टी, अन् वाजवते कशी बाप्पा. बँडचं नाव तुम्ही नवतपा ठेवलं तवाच मी म्हटलं होतं, मे महिन्यातले नऊ दिवस तापते तेवढं पुरे नाई काय. लखन म्हणते, या गाण्याले पॉप-पंक म्हणतात. मी म्हटलं, होळीच्या डफाले वायरी जोडल्या का हेच होते.

ऊन म्हणशील त पेटलं हाये. कूलरच्या ताट्या नवीन बसवल्या. सकाळी टाकी भरली का दुपारी पुन्हा कोरडी. खाट तिथंच, बरोबर कूलरच्या तोंडापुढं. तिच्यावर कोण पसरते हे तुले सांगा लागत नाई. तू त त्याचं गाणंच केलं.

हो, आयकलं मी. चुलीजवळ बसून, लखनच्या मोबाइलवर, आवाज बारीक करून.

बारा वाजले, डांबर वितळलं, रामधन पसरला खाटेवर,
सारी हवा एकट्याची, आम्ही तापलो वाटेवर.
सरक ना बा, सरक ना बा, सरक!

हसू बी आलं अन् मी दाराकडं बी पाह्यलं. पोरी, बाचं नाव कायले घेतलं? आधीच त्यानं तुहा व्हिडिओ पाहून, कापलेले केस पाहून म्हटलं होतं, "ते ढोलडबडं घेऊन मह्या दारात येऊ नको." तू बी त्याचीच पोरगी. म्हणली, बानं बोलावल्याशिवाय येत नाई. दोन होळ्या तुह्याबिगर गेल्या. पुरणपोळी केली, पण गोड लागली नाई.

मंग गेल्या महिन्यात दिग्रसच्या बाजारात कोणीतरी त्याले म्हटलं, "रामधन, पोरीनं तुह्यावर गाणं केलं म्हणते." तो घरी आला, अर्धी भाकर खाल्ली अन् उठला. म्हणे, ते गाणं या घरात वाजलं त मोबाइल विहिरीत. त्याले वाटलं पोरीनं गावभर शिव्या घातल्या. आयकून त पाय, म्हटलं. नाई म्हणे. अडेल बैल परवडला.

आता खरी गोष्ट सांगते. ती सांगायले मी घाबरून राह्यली होती, म्हणून लोणचं अन् कूलर मधात आणलं.

परवा हंसाबाईच्या नातवाची हळद होती. डीजे दिग्रसचा, अंकुर नावाचा पोट्टा. त्याले आपल्या घरची भानगड काय माहीत? पोरांनी सांगतलं, त्यानं तुहं गाणं लावलं. सारा मांडव उड्या मारून राह्यला. मी बुंदी वाढत होती. तुहा बा म्हाताऱ्यांमधात बसला होता. अन् भोंग्यातून नाव आलं, रामधन. साऱ्यांच्या माना त्याच्याकडं.

तो उठला. सरळ डीजेच्या गाडीकडं गेला अन् हात वर केला. अंकुरनं घाबरून गाणं बंद केलं. मले वाटलं, झालं. आता हा चार लोकांत बोलते, अन् मही पोरगी कधीच घरी येत नाई. मह्या हातातली बुंदी कोणाच्या पत्रावळीत पडली तेबी मले समजलं नाई.

तो म्हणला, "लेंगीत नाव आलं. फगवा कबूल. आता लाव."

पयले हंसाबाई हसली, मंग साऱ्या म्हाताऱ्या. खुशीले नीट समजावून सांग. होळीले आपल्या तांड्यातल्या नाचणाऱ्या बाया, म्हणजे गेरणी, लेंगीची गाणी म्हणतात. तिच्यात ज्या माणसाचं नाव घेतलं त्यानं हात वर करून गाणं थांबवा लागते अन् फगवा, म्हणजे गूळ-खोबरं, काही गोडधोड, कबूल करा लागते. मंगच नाच पुढं. अन् नाव वैऱ्याचं घेत नाईत, आपल्याच माणसाचं घेतात. तेवढं आयकायले तुह्या बाले एवढा येळ लागला.

गाणं पुन्हा लागलं तवा मी बी नाचली. लखननं व्हिडिओ काढला, पण त्यात नुसती कोणाची तरी पाठच दिसते.

घरी येताना तो म्हणला, "पोरीचा तो आवाज तुहा हाये. लग्नाआधी तुह्या माहेरच्या तांड्यात तू बी लेंगीत मह्यावर असंच म्हटलं होतं." मले त वाटलं होतं हा ते विसरला. मी म्हटलं, मंग एवढे दिवस कायले फुगून बसला? म्हणे, "मले वाटलं पोरगी आपलं सारं सोडून भलतंच काही ओरडून राह्यली." मह्या छातीवरचा धोंडा उतरला, ममता. लय दिवसांनी मले पडल्या पडल्या झोप लागली.

आज सकाळी मी गुळाची भेली अन् खोबऱ्याच्या वाट्या बांधायले काढल्या, लखनसंग देते म्हटलं. त्यानं पुडकं हातातून घेतलं अन् कोठीत ठेवून दिलं. "फगवा पाठवत नसतात," म्हणे. "गेरणीनं दारात येऊन, नाचून न्या लागते. ढोल घेऊन या म्हणा."

म्हणून बरणीसंग फगवा नाई. त्याच्यासाठी तुले या लागते, बँडमधल्या तुम्हा चौघींले बी.

आता दुपार हाये. कूलरले पाणी टाकायले गेली त खाट जागेवर नाई. त्यानं भिंतीकडं सरकवली, अन् कूलरसमोर मोठी चटई टाकली, चौघी आडव्या होतीन अशी. खाटेवर घामानं भिजून झोपला हाये, अन् सारी हवा रिकाम्या चटईवर चालली हाये.

तुही वाट पाहणारी याडी,
अन् बाजूले सरकलेला तुहा बा