होडीवरचा खेकडा

तेशी, ४ जुलै १९७८

चि. बोर्केते यास आत्या शोर्मेचे अनेक आशीर्वाद.

बाबा रे, काय करून ठेवलंस हे! तू कुमासीला ट्रक रंगवायला निघून गेलास आणि इथे माझ्या नव्या होडीवरून रणकंदन माजलंय. होडीच्या नाळेवर, अगदी पुढच्या टोकाला, तू काढलेला तो लालभडक खेकडा बघून मला भरून आलं होतं. अगदी तुझ्या आतोबांच्या जुन्या होडीवरचा!

पण खेकडा त्यांच्या घराण्याचं चिन्ह, आपलं नव्हे. परवा माझी नणंद कोर्कोई किनाऱ्यावर आली, होडीभोवती एक फेरी मारली आणि सगळ्यांदेखत म्हणाली की भाऊ गेला तसं या बाईचं आमच्या घराशी नातं संपलं, मग आमचं चिन्ह हिने कुणाला विचारून लावलं? झालं! कोळ्यांच्या प्रमुखाने सांगितलं, हा वाद मिटेपर्यंत होडी पाण्यात जायची नाही. ऐन तारल्यांचा हंगाम, बाकीच्या होड्या भरभरून येतायत, आणि माझी वाळूत बसलीय. मासे धुरवायच्या चुली थंड पडल्यात.

तू ये आणि खेकडा खरवडून आपल्या घराण्याचं कासव काढ. खलाशी आत्ताच खिदळतायत, म्हणे कासवात बसून गेलो तर पोचेपर्यंत मासे म्हातारे होतील. हसू देत मेले. खेकडा मीच खरवडला असता, पण हात उचलत नाही रे.

जीव लावतोस, तसाच लावत राहा.
तुझी आत्या

कुमासी, ९ जुलै

ती. आत्यास बोर्केतेचा सा. न. वि. वि.

चूक सगळी माझी. चिन्ह ज्यांचं त्यांना आधी विचारायचं, हे आपल्याकडे शेंबडं पोरसुद्धा जाणतं. आतोबांची आठवण झाली आणि ब्रश चालत गेला. खेकडा धरलं ते सोडत नाही, असं ते मला खांद्यावर घेऊन सांगायचे.

कासवाला मात्र नावं ठेवू देऊ नकोस. कुठेही गेलं तरी आपलं घर पाठीवर घेऊन जाणारा प्राणी आहे तो. त्याला असे डोळे काढतो की खलाशांची बोलती बंद! मंगळवारी समुद्राला सुट्टी, कुणी होडी काढत नाही; तेव्हा अठरा तारखेच्या मंगळवारी येतो. कोर्कोईबाईंनाही माफीचं पत्र टाकलंय. उत्तरात शिव्यांची लाखोली येणार.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.
बोर्केते

तेशी, १२ जुलै

रा. रा. रंगारी बोर्केते यांस कोर्कोईचे आशीर्वाद, मिळाले तेवढे पुष्कळ समजावेत.

तुझं पत्र पोचलं. अक्षर झकास, अक्कल यथातथाच. खेकड्याला हात लावशील तर याद राख!

अरे, मला का खेकडा जड झालाय? भावाला पुरलं तेव्हापासून तुझी आत्या आमच्या दाराशी फिरकलेली नाही. बाजारात मी दिसले की टोपली घेऊन दुसरीकडे वळते. उभा जन्म एका ताटात जेवलो आम्ही. नवरा गेला म्हणून नणंदही मेली का? वाटलं, चारचौघांत तोंड टाकलं तर भांडायला तरी येईल. नातं संपलं म्हणाले ते मात्र म्हणायला नको होतं. माझी जीभच मेली अशी. आणि ती बाई काय करते? तर कासव मागवते!

हे तिला कळवलंस तर बघ. एवढंच लिही की मंगळवारी कोर्कोई घरी असते.

आमच्यावरही थोडा लोभ ठेवलास तर बिघडणार नाही.
कोर्कोई

तेशी, २० जुलै

चि. बोर्केते यास अनेक आशीर्वाद.

स्वतः यायचं सोडून कोर्कोई मंगळवारी घरी असते एवढंच लिहिलंस, तेव्हा तुझा राग आला. तरी रिवाजाप्रमाणे श्नॅप्स दारूची बाटली घेऊन गेले. खेकड्यासाठी रीतसर परवानगी मागायची म्हणून वाटभर शब्द घोकले होते. दारात वन्सं उभ्या. काय हवंय म्हणून विचारलं त्यांनी, आणि घोकलेलं राहिलं बाजूला, मी रडायलाच लागले. मग त्याही! तुझा नवरा माझाही भाऊ होता, म्हणाल्या. मग मक्याच्या आंबवलेल्या पिठाचं केंके आणि तळलेला मासा पुढ्यात ठेवला आणि किती वाळलीस म्हणून पोटभर बोलणी घातली. त्यांच्या वडीलधाऱ्यांनी जमिनीवर श्नॅप्स शिंपडून, पूर्वजांना सांगून खेकडा मला दिला.

काल होडी पाण्यात गेली आणि भरून आली. तारल्या घ्यायला आलेल्या एका परक्या बाईने विचारलं, ही होडी कुणाची. मी तोंड उघडायच्या आत वन्सं कमरेवर हात ठेवून गरजल्या, आमची! डोळे फुटले का, खेकडा दिसत नाही?

तुझ्यावरचा लोभ आता दोघींचा आहे, पेलशील ना?
तुझी आत्या शोर्मे