सहा हजार तासांचा पंख

३ फेब्रुवारी, सोमवार. लातूर

आज रुजू झाले! धर्माबादहून निघताना आईनं धपाटे बांधून दिले होते, ते वाटेतच संपले. विमान चालवायला शिकवणारी ही छोटी शाळा. चार विमानं, एक हँगर आणि मी त्यांची नवी इंजिनिअर. मालक दयानंद सर स्वतः वैमानिक. त्यांनी पेढा दिला. म्हातारे मिस्त्री सिद्धरामकाका मला 'बाई' म्हणतात. खोलीत सोबतीला पुनम आहे, एकोणीस वर्षांची शिकाऊ वैमानिक. तिचं एकटीनं पहिलं उड्डाण याच महिन्यात. लई बोलते.

६ फेब्रुवारी

तीन नंबरच्या विमानाचे कागद पाहिले. पंखातल्या मुख्य दांड्याचं आयुष्य ठरलेलं असतं: सहा हजार तास. ते भरले की वरून कितीही धड दिसला तरी बदलायचाच. धातू आतून थकतो, डोळ्याला दिसत नाही. विमानाच्या नोंदवहीत ५,९८० तास आहेत. पण आठ महिने तोच आकडा, आणि विमान तर रोज उडतं. तास मोजणारं मीटर उघडलं. वायर कापलेली.

९ फेब्रुवारी

सर म्हणाले, नवा दांडा मागवलाय, यायला वेळ लागतो, तोवर विमान उडायला ठीक आहे म्हणून सही कर. केली नाही.

११ फेब्रुवारी

मीटरवर आज अचानक ६,२१४. वायर तशीच कापलेली. काकांना दाखवलं. त्यांनी टोपी काढली, जवळ आले नाहीत.

“तुमच्या आधीच्या साहेबानं बी हेच पाह्यलं, बाई. ते मीटर खरं मोजून राहिलंय.”

तो साहेब कुठं आहे विचारलं. काका टोपी घालून बाहेर गेले.

१३ फेब्रुवारी

सरांनी मीटर उपटून काढलं. त्याच्या जागी गोल भोक. पंखावर हात ठेवला — आतून टिक, टिक. विमान थंड, बंद.

१५ फेब्रुवारी

विमान खात्याकडं तक्रार केली. तपासणीची माणसं सोमवारी येणार. सरांना कळलं — कसं? विमान धड आहे हे दाखवायला त्यांनी पुनमचं उड्डाण उद्याच लावलं, तीन नंबरवर. तिला सगळं सांगितलं. ती रडली. पण अहमदपूरहून तिचं अख्खं घर बघायला निघालंय, नाही कसं म्हणणार?

१६ फेब्रुवारी, रविवार

विमानाच्या पुढं उभी राहिले. पुनमची आई केवळाबाई कुंकवाचं ताट घेऊन तिथंच. सर सगळ्यांदेखत हसले.

“एवढी भीती हाय तर तूच बस माझ्यासंगं. धड उतरलो की सही कर. पोरीचं उद्या बघू.”

उद्या सोमवार, तपासणी येणार. एवढंच हवं होतं मला. बसले. ही डायरी सोबत घेतली.

१०:४०

वर आहोत. डाव्या पंखाच्या मुळाशी रंगावर रेघ — केसाएवढी. उतरा म्हटलं. सर म्हणाले, सावली आहे.

सावली हलते. ही हलत नाही, वाढते.

बोटभर —

वीतभर. सरांना आता दिसली. विमान खाली घेऊन राहिलेत —

खाली पुनम, आईला बिलगलेली. जमिनीवर आहे ती. जमिनीवर —

पंख वर वळून रा