टेकडीवरच्या घराला पाणी आलं

प्रिय पोरी,

या शनिवारी पाण्याचे कॅन आणू नकोस. घाबरू नकोस, मी ठणठणीत आहे. आपल्या लाकडी घराला पाणी आलंय. दादूने हौसेने बसवलेला स्वयंपाकघरातला नळ आजवर नुसता शोभेचा होता. विहिरीचं काम पुढच्या सुट्टीत करू म्हणाला होता आणि ती सुट्टी माझ्या लेकाला मिळालीच नाही. तो नळ काल आधी फुसफुसला, खोकला, थोडं लालसर पाणी ओकला आणि मग मुकाट वाहू लागला. मी खुर्ची ओढून समोर बसले आणि बघत राहिले, एखादं नाटक बघावं तशी.

घरामागच्या झुडपांतली ती जुनी विहीर तुला माहीतच आहे. तू डोकावलीस की मी तुला मागे ओढायचे. खोल म्हणावी अशी नाहीच ती. मिस्त्री आणि त्याची बायको आले, त्यांनी झुडपं तोडली आणि पंप लावून तिला कोरडी केली. शनिवारी तू यायचीस तेव्हा कामाला सुट्टी, आणि तुला मी मागच्या दाराकडे फिरकूच दिलं नाही. झरा जिवंत आहे म्हणाले, पण उथळ विहीर आहे, उन्हाळ्यात हात राखून वापरा. मग गाळ काढायला घेतला. कुजलेला पाला, तळ गेलेली बादली आणि दादूची निळी चप्पल. खोली मोजताना आत पडली होती बघ, आणि स्वारी लंगडी घालत घरात आली होती, तू हसून हसून भिंतीला टेकली होतीस. मिस्त्री ती फेकायला निघाला, मी काढून घेतली. धुतली, मागच्या पायरीवर वाळत ठेवली. येता-जाता तिच्याकडे बघायचे. शेवटी एका सकाळी मीच ती गाळाच्या ढिगावर ठेवली आणि वर माती ओढली. रडले, खोटं कशाला सांगू. पण नंतर चहा करून प्यायले आणि तो गोड लागला.

पुढे सगळं सुरळीत झालं असं नाही. पाणी तपासायला दिलं, तर पिण्याजोगं नाही असं कळवलं. अंगणातलं पावसाचं पाणी दगडांच्या फटींतून थेट आत उतरत होतं. मग फटी बुजवल्या, कठडा उंच केला, झाकण बसवलं, औषध टाकलं, पुन्हा उपसा केला. दुसऱ्यांदा तपासलं तेव्हा पाणी पास झालं. तरी मी उकळूनच पिते, तुझा ओरडा इथपर्यंत ऐकू येतो. मोटर बसवली तर ती तुझ्या सासऱ्यांसारखी नुसती घरघरायची, काम शून्य. पाइप हवा ओढत होता. आता पाइपात आधी पाणी कसं भरायचं ते मला येतं. माळ्यावरची टाकी थोडी थोडी भरते, मध्ये विहिरीला दम खाऊ देते. दोघी म्हाताऱ्या, एकमेकींना सांभाळून घेतो.

तू म्हणशील, या वयात आईंना हा उद्योग सुचला कुठून. सांगते. तू शिकवतेस त्या शाळेतले चित्रकलेचे सर मागे कॅन उचलायला तुझ्याबरोबर आले होते ना, ते नंतर एकदा एकटेच आले. बराच वेळ खिडकीची कडी दुरुस्त करत बसले, ती बिघडलेली नव्हती. निघताना दारात थांबून म्हणाले, "ती म्हणते, आईंना पाणीसुद्धा मीच नेऊन देते, त्यांना सोडून मी लग्न कसं करू? मी थांबेन, कितीही. फक्त तुम्हाला हे ठाऊक असावं, असं वाटलं." दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला बोलावलं. पोरी, शहरातलं घर सोडून मी इथे आले ती हवापालटाला नव्हे. दादू गेल्यावर माझ्यासमोर तुला मोकळेपणी हसता येईना, म्हणून आले. आणि तू दर शनिवारी माझ्यापाठोपाठ ओझी वाहत आलीस. त्यांना हो म्हण. दादूची आई सांगतेय, म्हणजे त्यात सगळं आलं. लहानपणीच आईवडील गेले, काकांकडे वाढलीस, हक्काने जाऊन लोळावं असं घर तुला कधी मिळालं नाही. आता सासर नवं होईल. आणि माहेर इथे आहे. लग्नानंतर पहिल्यांदा येशील तेव्हा रिकाम्या हाताने ये, उशिरापर्यंत झोप, आणि जाताना पाय निघत नाही म्हणून माझ्याशी भांड.

तुझी वाट बघणारी, तुझीच
आई